माहिती मिळाली, पण ती कधीची?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आता आपल्या जवळपास प्रत्येक गटात दोन-तीन स्मार्टफोन आहेत. योजनेचं नाव गुगलवर टाकायला, नाहीतर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायला पुष्कळजणी शिकल्यात. माहितीही भरपूर येते. आज मला एवढंच सांगायचंय, की आलेल्या माहितीला पहिला प्रश्न विचारायचा : तू कधीची?

लाडकी बहीण योजनेचं आठवा. पहिला शासन निर्णय, म्हणजे जीआर, 28 जून 2024 चा. त्यात वय 21 ते 60, अर्जाची मुदत 15 जुलै. पाचच दिवसांनी, 3 जुलैला सुधारणा आली. वय 65 पर्यंत गेलं, मुदत 31 ऑगस्ट झाली, पाच एकर जमिनीची अट निघाली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, असं झालं. आता विचार करा. ज्या बासष्ट वर्षांच्या मावशीनं जुना मेसेज वाचला, ती घरीच बसणार. जिनं केशरी कार्ड असून दाखल्यासाठी तहसील गाठलं, तिचा दिवसाचा रोज आणि गाडीभाडं गेलं. मेसेज खोटा नव्हता, शिळा होता. आणि हो, मी सांगतेय ते नियमही 2024 चे आहेत. आजचे म्हणून धरू नका.

पीक विम्याचंही तसंच. 2023 च्या खरिपापासून आपल्याकडे एक रुपयात विमा होता. 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. पण ‘एक रुपयात पीक विमा’ असं शोधलं, तर जुनी पानं आणि जुने व्हिडिओ अजून निघतात. कारण सगळ्यात नवीन तेच गुगल वर दाखवतं, असं नाही. आपले शब्द ज्या पानाशी चांगले जुळतात, ते पान जुनं असलं तरी वर येऊ शकतं.

मग करायचं काय?

एक, शोधताना चालू वर्ष आणि हंगाम किंवा महिना टाकायचा. नुसतं ‘पीक विमा’ नको. ‘पीक विमा खरीप शेवटची तारीख’ आणि पुढे वर्ष.

दोन, निकाल आले की वर ऑल, इमेजेस, न्यूज अशी पट्टी दिसते. ती बोटानं सरकवत शेवटाला न्या. तिथे टूल्स किंवा सर्च टूल्स मिळेल. त्यात ‘एनी टाइम’वर दाबून ‘पास्ट वीक’ किंवा ‘पास्ट मंथ’ निवडा. फोन मराठीत असेल तर हेच पर्याय मराठीत दिसतील. म्हणजे गेल्या आठवड्यातलं किंवा महिन्यातलंच समोर येतं.

तीन, पान उघडल्यावर वरच्या तारखेवर थांबू नका. वर ‘अपडेटेड’ म्हणून कालची तारीख असते आणि आत मजकूर जुनाच असतो. ‘शेवटची तारीख 31 जुलै’ लिहिलंय, पण कोणत्या वर्षाची? वर्ष नसेल तर ते पान सोडा. व्हिडिओ असेल तर नावाखाली ‘1 वर्षापूर्वी’ असं काही लिहिलंय का, ते बघा. गुगल हल्ली सगळ्यात वर एआयनं तयार केलेलं उत्तर दाखवतं. त्यातही जुनं-नवं मिसळलेलं असू शकतं. त्यावर अवलंबून पैसे भरू नका.

चार, शेवटी सरकारी पानावर खात्री करायची. त्या साइटचं नाव बहुतेक वेळा गव्ह डॉट इन असं संपतं. महाराष्ट्र शासनाच्या साइटवर जीआर विभागवार आणि तारखेप्रमाणे शोधता येतात. जीआरवर क्रमांक आणि तारीख असतेच. त्याच विषयाचा नंतरचा जीआर निघालाय का, तेही बघा. निकालावर ‘प्रायोजित’ लिहिलं असेल तर ती जाहिरात आहे. नाव योजनेसारखं असलं म्हणून अनोळखी साइटवर आधार नंबर किंवा ओटीपी देऊ नका.

ज्यांना वाचायला जड जातं, त्यांनी लेकीला, नातीला बसवा. पण ‘तारीख बघ गं’ हे तुम्ही म्हणा. तेवढं म्हणायला शिक्षण लागत नाही.

एक ठराव आपण करूया. गटाच्या व्हॉट्सॲपवर योजनेची माहिती टाकताना दोन गोष्टी लिहायच्या : कुठून घेतली आणि कोणत्या तारखेची आहे. ज्यात तारीख नाही, तो मेसेज पुढे पाठवायचा नाही. आणि सभेत सांगितलेली मुदत सचिव ताईंनी इतिवृत्तात वर्षासकट लिहायची. पुढच्या महिन्यात मी प्रत्येक ग्रामसंघाचं रजिस्टर बघताना हेच आधी बघणार आहे.