मोठ्या बोअरच्या किटची पारख



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे. आज आम्ही मोटरसायकलच्या पिस्टनवर बोलणार आहो. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या गाडीवर आपली मुले कॉलेजला जातात, आणि दुधाचा कॅन, खताची गोणी व घरची माणसे यांची ने-आण होते, तिच्या पोटात काय बसविले जाते हे समजून घेणे प्रपंचाबाहेरचे नव्हे.

आपल्या तालुक्यात बोअर म्हटले की पाणी आठवते. इंजिनाचा बोअर म्हणजे ज्या नळीत पिस्टन धावतो तिचा आतला व्यास. पिस्टन जेवढे अंतर चालतो तो स्ट्रोक. स्प्लेंडर ही घरोघरची गाडी घ्या. तिचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, आणि त्यावरून आकारमान ९७.२ सी.सी. आता समजा कोणी मोठा ब्लॉक, मोठा पिस्टन, रिंगा, पिन व गॅस्केट असे किट आणून बोअर ५६ मिलिमीटर केला. व्यास वाढला शेकडा बारा. पण आकारमान व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ते १२१.९ सी.सी. झाले. वाढ शेकडा पंचविसाची! तरुणांना मोह पडतो तो या आकड्याचा.

ज्यांनी विहिरीवर ऑइल इंजिने चालविली त्या वडीलधाऱ्यांना रीबोअर ठाऊक आहे. झिजलेला सिलिंडर पाव-अर्धा मिलिमीटर कापून ओव्हरसाइज पिस्टन घालावयाचा, म्हणजे गेलेली ताकद परत येते. किटचे तसे नाही. येथे यंत्रापाशी मुळात नव्हती ती ताकद मागावयाची असते. हे करूच नये असे मात्र नाही. बुलेटच्या ३५० आणि ५०० या जुन्या इंजिनांत स्ट्रोक एकच, ९० मिलिमीटर. बोअर एकाचा ७०, दुसऱ्याचा ८४. यामाहाच्या आरएक्स १०० चा बोअर ५०, आरएक्स १३५ चा ५८. स्ट्रोक दोहोंचा ५०. बोअर वाढविणे हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो वाढविलेला बोअर कोणी, कसा आणि किती मापात केला, हा.

आणि पारख करणे लासलगावकरांना कोणी शिकवावे? लिलावात कांद्याचे वक्कल आले की व्यापारी वरचा रंग पाहून थांबत नाही. खालचा माल उकरतो, मान सुकली आहे का पाहतो, जोडकांदा किती आणि गोल्टी किती हे ताडतो. लाल कांदा दिसावयास देखणा, पण टिकत नाही. चाळीत टिकतो तो उन्हाळ कांदा. किटचेही असेच आहे. खोक्यावरचे चित्र आणि ब्लॉकची चकाकी हा वरचा रंग झाला. टिकाऊपणा मापात असतो, आणि ते माप डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पहिली कसोटी गोलाईची. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक जागी आडवा व उभा असा मोजावा. सहाही मापे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकी जुळली पाहिजेत. न जुळल्यास नळी लंबगोल किंवा निमुळती आहे. तिच्यात रिंग नीट बसणार नाही आणि ऑइल जळेल.

दुसरी कसोटी पिस्टन आणि भिंत यांमधील फटीची. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. म्हणून फट हवीच. लहान इंजिनात ती सामान्यतः ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरच्या घरात असते, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. घडीव, म्हणजे फोर्ज्ड पिस्टनला ती थोडी अधिक लागते. फट कमी पडली तर भर वेगात पिस्टन धरतो आणि मागचे चाक जाम होते. जास्त झाली तर पिस्टन खडखडतो. फट किती ठेवावी हे ज्या किटच्या कागदावर लिहिलेले नाही, ते किट दुकानातच राहू द्यावे.

तिसरी रिंगेच्या तोंडाची. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालावी, पिस्टनने सरळ ढकलावी आणि तिच्या दोन टोकांतील अंतर फिलर गेजने मोजावे. ५६ च्या बोअरला ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असावे. टोके एकमेकांस भिडत असतील तर तापल्यावर रिंग मोडेल.

चौथी वजनाची. नवा पिस्टन पिनसकट सोनाराच्या काट्यावर घालावा आणि जुन्याशी ताडून पाहावा. क्रँकचा तोल जुन्या वजनावर बेतलेला असतो. पिस्टन बराच जड निघाला तर हँडल आणि पायदाने थरथरू लागतात, आणि ती थरथर बेअरिंग खाते.

पाचवी भिंतीच्या जाडीची. बोअर वाढवून लायनर कागदासारखा पातळ केला असेल, तर उष्णतेने तो वाकडा होतो आणि आधीची सारी मापे व्यर्थ ठरतात. त्याबरोबरच गॅस्केटचे भोक सिलिंडरपेक्षा किंचित मोठे आहे ना, हेही पाहावे. त्याची कड आत डोकावत असेल तर ती तापून लाल होते आणि पेट्रोल अवेळी पेटविते.

आता चांगल्या किटचीही मर्यादा सांगितली पाहिजे. दाबाचे प्रमाण मुळात नऊला एक होते असे धरा. म्हणजे हेडमधील पोकळी १२.१५ सी.सी. ती तशीच ठेवून १२१.९ सी.सी. तीत दाबले, तर प्रमाण अकराला एक होते. मग साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते. पिस्टनवरचा जोर पाव हिश्श्याने वाढतो. तो कनेक्टिंग रॉड, क्रँकपिन आणि क्लच यांनीच सोसावयाचा. थंड करणारे पंख हेडवर तेवढेच. जुन्या गाडीत कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागतो. २०२० पासूनच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तेवढ्याने भागत नाही. जपानात होंडाच्या ५० सी.सी.च्या गाड्यांसाठी ३९ चा बोअर ५२ करून ८८ सी.सी. देणारी किटे मिळत आली आहेत. तेथील नावाजलेले उत्पादक त्यांच्या जोडीला हेड, कार्ब्युरेटर, क्लच आणि ऑइल पंपही विकतात, ते उगाच नव्हे. आणि स्प्लेंडरचे १३० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक? ते वाढलेल्या वेगाला जुन्याच बळाने थांबविणार. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत हा हिशेब महत्त्वाचा आहे.

कायद्याचेही बोलणे ओघाने येते. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नोंदणीपुस्तकातील सी.सी. आणि इंजिनातील सी.सी. ताडून पाहू शकते.

तेव्हा आमचे मत येणेप्रमाणे आहे. रोजच्या गाडीला किट बसवू नये. तेच पैसे रीबोअर, चांगल्या रिंगा, चेनसेट आणि ब्रेक-शू यांवर घातल्यास गाडी अधिक धावेल आणि वेळेवर थांबेलही. ज्याला बंदिस्त शर्यतीच्या मैदानावर हौस पुरवावयाची आहे, त्याने या पाचही कसोट्या लावल्याखेरीज पैसे मोजू नयेत. आणि मुलाने किटचा हट्ट धरला, तर वडिलांनी नुसते रागावू नये, त्याला फिलर गेज आणून द्यावे आणि म्हणावे, "आधी मोज, मग बोलू." जो मुलगा मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजावयास शिकेल, तो खोक्यावरच्या आकड्याला भुलणार नाही, आणि ही शिकवण त्याला मोटरसायकलपुरतीच उपयोगी पडेल असेही नाही.