पानोपानीं एकच शिक्का

हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि आज तें नर्सी नामदेव याच नांवानें ओळखलें जातें. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. त्यांच्या अभंगांच्या शेवटीं कवीचें नांव येतें. या खुणेला नाममुद्रा म्हणतात, आणि मुद्रा म्हणजे शिक्काच. वहीचें एखादें पान सुटून भलत्याच बाडांत गेलें, तरी त्यावरील रचनेचा धनी कोण हें समजावें, ही त्या मुद्रेची मोठी सोय. परंतु सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा हे दुसरे कवि झाले आणि त्यांच्या रचनांतही ‘नामा’ हेंच नांव येऊं लागलें. दोघांचें काव्य गाथ्यांतून एकमेकांत मिसळलें. तें निवडून वेगळें करितांना अभ्यासकांना भाषेचीं वळणें आणि जुन्या पोथ्या तपासाव्या लागल्या. नुसत्या मुद्रेवर विसंबतां येईना.

संगणकावरील दस्तऐवजाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. एखाद्या पतसंस्थेचा चाळीस पानांचा अहवाल, किंवा मराठवाड्यांतील जुन्या खासरा पाहणी पत्रकांच्या छायाप्रती एका पीडीएफ फाइलींत गोळा केल्या, कीं प्रत्येक पानावर ‘खरी प्रत’, ‘मसुदा’ किंवा संस्थेचें नांव उमटविण्याची वेळ येते. पूर्वी कारकून शाईच्या गादीवर रबरी शिक्का दाबून चाळीस वेळां हात आपटी. विसाव्या पानाशीं ठसा फिका पडे आणि दोन पानें चिकटलीं तर एक कोरेंच जाई. संगणकाला एकदां सांगितलें कीं काम उरकतें. चांगली प्रणाली शिक्क्याचें चित्र फाइलींत एकदांच साठविते आणि प्रत्येक पानाला त्या एका चित्राकडे बोट दाखवावयास लावते. म्हणून पानें चारशें असलीं तरी फाइलीचें ओझें फारसें वाढत नाहीं.

तरी डोळे मिटून हुकूम देऊं नये. आडवीं-उभीं पानें एकत्र असलीं तर शिक्का कोठें कोपऱ्यांत, तर कोठें मजकुरावर आडवा पडतो. दाट रंगाचा शिक्का गट क्रमांकावर बसला तर कागद असून नसल्यासारखाच! तो फिका, शक्यतों मजकुराच्या मागें असावा. शिवाय, कांहीं प्रणाली शिक्का केवळ वरून डकविलेल्या टिपणासारखा ठेवितात. असा शिक्का कोणीही एका टिचकीनें उचलून टाकूं शकतो, आणि छापतांना तो कधीं कधीं उमटतही नाहीं. तो पानांत मुरवून पक्का करावा लागतो.

पक्का केला तरी त्याचें सामर्थ्य किती? येथें मराठेशाहीचा एक प्रघात आठवावा. त्या काळचें लांब पत्र म्हणजे कागदाचे अनेक बंद एकाखालीं एक चिकटवून केलेली गुंडाळी. मजकूर संपला तेथें मोर्तब होई, म्हणजे समाप्तीची लहान मुद्रा उमटे. आणि जेथें दोन बंद जोडलेले असत, तेथें मागील अंगास सांध्यावरही शिक्का मारीत. अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्यावर. मधला बंद काढून दुसरा घुसविला तर अर्धुकें जुळणें कठीण.

संगणकांतील चित्ररूप शिक्क्याला असा सांधा नाहीं. एक पान काढून दुसरें घातलें आणि त्यावर तेंच चित्र चिकटविलें, तर चाळीसही शिक्के हुबेहूब सारखेच दिसतील. सांध्याचें काम अंकीय स्वाक्षरी करते; माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यानें तिला मान्यता दिली आहे. ती साऱ्या मजकुरावरून गणितानें एक लांबलचक संख्या काढते आणि सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनें ती कुलूपबंद करते. मागाहून एखादा स्वल्पविराम जरी बदलला, तरी नवी संख्या जुनीशीं जुळत नाहीं.

अशी स्वाक्षरी असलेला सातबारा महाराष्ट्रांत २०१८ सालापासून मिळूं लागला. डिसेंबर २०२५ मध्यें शासनानें ठरविलें कीं, अंकीय स्वाक्षरी, क्यूआर चौकट आणि सोळा अंकी पडताळणी क्रमांक असलेला उतारा कायदेशीर व शासकीय कामांना चालेल. त्यावर तलाठ्याची सही वा शिक्का नको. सेनगांव किंवा कळमनुरीचा शेतकरी पीककर्जासाठीं छापील उतारा घेऊन गेला, तर ‘गोल शिक्का कोठें आहे?’ म्हणून त्याला परत धाडणें आतां न्याय्य नाहीं. अर्थात् कागदावर छापलेली स्वाक्षरीची खूण हीही शेवटीं चित्रच. तपासणाऱ्यानें पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून पाहिला, तरच खरें-खोटें उमगतें. एवढे श्रम त्यानें घेतले पाहिजेत. शेतकऱ्याच्या एका हेलपाट्यांत त्याची दिवसाची मजुरी बुडते.

शिक्का आणि स्वाक्षरी दोन्ही हवीं असतील तेथें क्रम चुकूं नये. आधीं पानोपानीं शिक्का, मग स्वाक्षरी. उलट केलें तर स्वाक्षरीनंतर दस्तऐवज बदलल्याची सूचना येते, आणि ती खोटी नसते. सही आधींच झालेली असेल, तर शिक्क्याची प्रत वेगळी करून तिच्यावर नवी सही घ्यावी. मूळ फाइलीस हात लावूं नये.