हिरवळीच्या काठचा बंगला आणि त्याचा व्यवहार

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातील मुर्सिया प्रांतात, भूमध्य समुद्राच्या काठापासून थोड्या अंतरावर, गेल्या पाव शतकात गोल्फच्या मैदानांभोवती बंगल्यांच्या वसाहती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या असून, २००८च्या मंदीत अर्धवट राहिलेल्या कित्येक ठिकाणी आता पुन्हा नवे बंगले विक्रीस निघाले आहेत. या घरांचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि नॉर्वे-स्वीडनकडची, उबदार हिवाळा शोधणारी कुटुंबे. परंतु भारतात राहणाऱ्या नागरिकालाही रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या मर्यादेत परदेशात घर घेता येते, आणि युरोपात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर हा किनारा विमानाने दोन-तीन तासांवरच पडतो. त्यामुळे या व्यवहारात नेमके काय पदरात पडते आणि काय पडत नाही, हे आधी समजून घेणे हिताचे ठरते.

जाहिरातीच्या चित्रात बहुधा तीन गोष्टी असतात: सपाट छपराचा पांढरा बंगला, त्यापुढचा छोटा तरणतलाव आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत गेलेली हिरवळ. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खरेदीदाराच्या नावावर होतात, तिसरी होत नाही. आणि किंमत मात्र बऱ्याच अंशी त्या तिसरीचीच मोजलेली असते. गोल्फचे पूर्ण मैदान १८ होलचे असते, म्हणजे ठरलेल्या क्रमाने १८ ठिकाणच्या छोट्या खळग्यांत चेंडू घालायचा असतो, आणि त्यासाठी साधारण ५० ते ६० हेक्टर, म्हणजे सव्वाशे ते दीडशे एकर जमीन लागते. ही जमीन सहसा घरमालकांच्या सामाईक मालकीची नसते. ती एखाद्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असते, तिच्यावर बँकेचे कर्ज असू शकते, आणि कंपनी बुडाली तर मैदान दुसऱ्याच्या हाती जाते किंवा बंद पडते. २००८नंतर मुर्सियात बांधकाम व्यावसायिक अडचणीत आले, न विकलेली घरे आणि काही मैदाने बँकांच्या ताब्यात गेली, तेव्हा हिरवळीच्या भरवशावर जादा पैसे मोजलेल्या लोकांना हा फरक कळला, पण तो फार उशिरा. मैदानाचा मालक कोण, त्याच्या जमिनीवर बोजा किती, आणि नगररचनेच्या आराखड्यात ती जमीन क्रीडांगण म्हणून राखलेली आहे की तिच्या काही भागावर पुढे बांधकामाला वाव ठेवलेला आहे, हे तीन प्रश्न बंगल्याच्या खोल्या मोजण्याआधी विचारले पाहिजेत. मैदान चालू ठेवण्याची आणि समोरची बाजू मोकळी ठेवण्याची लेखी जबाबदारी कोणी घेतलेली नसेल, तर समोर दिसणाऱ्या दृश्याची किंमत त्या दिवसापुरतीच धरावी.

हिरवळीचा दुसरा आधार म्हणजे पाणी, आणि मुर्सियाच्या बाबतीत हाच सर्वांत नाजूक भाग आहे. येथे वर्षाला सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर कोकणात तो साधारण ३००० मिलिमीटर, म्हणजे दहापट असतो. शेतीसाठी आणि नळासाठी येथील लोक १९७९पासून ताहो नदीचे पाणी कालव्याने सेगुरा नदीच्या खोऱ्यात आणतात; परंतु ताहोच्या उगमाकडील धरणांत साठा घटला की हा पुरवठा कमी केला जातो, आणि त्यावरून देणारा व घेणारा प्रदेश यांच्यात सतत राजकीय वाद चालू असतो. गोल्फची मैदाने म्हणूनच बहुतांशी शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर किंवा समुद्राचे खारेपण काढलेल्या पाण्यावर जगवली जातात, आणि हा उपाय योग्यच आहे. मात्र वसाहतीतले सांडपाणी तेथे माणसे राहत असतील तरच तयार होते. निम्मी घरे रिकामी आणि उरलेली वर्षातून चार-सहा आठवडेच उघडी, अशा ठिकाणी मैदानाला पुरेल इतके सांडपाणी निघत नाही, मग पाणी बाहेरून विकत घ्यावे लागते आणि मैदान चालवण्याचा खर्च चढतो. म्हणून पाण्याचा परवाना कोणत्या स्रोताचा, किती घनमीटरचा आणि कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारावे.

समुद्राबाबतही असाच खुलासा मागावा. या भागातील अनेक वसाहतींच्या जाहिरातीत मार मेनोर या खाऱ्या पाण्याच्या सरोवराचा उल्लेख असतो. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे हे उथळ सरोवर ला मांगा नावाच्या वाळूच्या अरुंद पट्टीने समुद्रापासून वेगळे झालेले आहे. आसपासच्या बागायती शेतीतून वाहून येणाऱ्या नायट्रेटयुक्त खतांमुळे २०१६मध्ये त्याचे पाणी शेवाळाने गढूळ हिरवे झाले, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये व पुन्हा ऑगस्ट २०२१मध्ये पाण्यातला प्राणवायू संपून मासे व कोळंबी मोठ्या प्रमाणावर किनाऱ्याला लागली. स्थानिक नागरिकांनी सह्यांची मोहीम चालवून २०२२मध्ये या सरोवराला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळवून दिला, म्हणजे त्याच्या वतीने कोणालाही न्यायालयात दाद मागता येते. युरोपात एखाद्या निसर्गस्थळाला असा दर्जा प्रथमच मिळाला. ही मोठ्या अभिमानाची घटना आहे, तथापि खरेदीदाराने तिच्यामागचे कारणही ध्यानात ठेवावे. शिवाय सप्टेंबर २०१९च्या अतिवृष्टीत सरोवरकाठचे लॉस आल्कासारेस हे गाव पाण्याखाली गेले होते. पूरप्रवण क्षेत्रांचे सरकारी नकाशे सर्वांसाठी खुले असल्यामुळे आपला भूखंड कोणत्या रेषेच्या आत येतो हे घरबसल्या पाहता येते.

जागेवर गेल्यावर बंगल्याच्या आतील फरशीपेक्षा बाहेरची दिशा अधिक बारकाईने पाहावी. पहिला फटका जेथून मारतात त्या जागेला टी म्हणतात, आणि तेथून खळग्यापर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला फेअरवे. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात, आणि नवख्यांचा चुकलेला फटका हवेत उजवीकडे वळत जातो. त्यामुळे टीवर उभे राहून पाहिले असता उजव्या हाताला, साधारण दीडशे ते दोनशे मीटरवर असलेल्या घरांवर चेंडू सर्वाधिक येतात. अशा घराच्या काचा, छपरावरचे सौरपत्रे आणि तरणतलावाशेजारी बसलेली मुले या सर्वांनाच त्याचा धोका असतो. एखाद्या बंगल्यापुढे उंच जाळी लावलेली दिसली तर ती का लावावी लागली, हे शेजाऱ्याला विचारावे. डावीकडचे किंवा टीच्या मागच्या बाजूचे घर तुलनेने निर्धास्त असते. परंतु टीच्या मागे पहाटे गवत कापण्याच्या यंत्रांचा आवाज असतो, कारण खेळ सुरू होण्याआधीच हे काम उरकावे लागते. गवताची जातही विचारात घ्यावी. उष्ण हवेत तग धरणारे बर्म्युडा जातीचे गवत थंडीत सुप्तावस्थेत जाऊन वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे होते, आणि त्यावर थंडीतले दुसरे गवत पेरले नाही तर डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे उत्तरेकडचे लोक ज्या दिवसांत तेथे राहायला येतात नेमक्या त्याच दिवसांत, जाहिरातीतली हिरवळ दिसत नाही. म्हणून अशी वसाहत एकदा जानेवारीत आणि एकदा ऑगस्टमध्ये पाहिलेली बरी.

आता कागदपत्रांकडे वळता येईल. सर्वप्रथम स्वतंत्र वकील नेमावा, आणि तो बिल्डरने किंवा दलालाने सुचवलेला नसावा. कारण खरेदीखतावर सही घेणारा नोटरी तेथे सरकारी अधिकारी असला तरी तो खरेदीदाराची बाजू लढवत नाही. मालमत्ता नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या उताऱ्याला नोता सिंप्ले म्हणतात; आपल्याकडील मालमत्ता पत्रकाप्रमाणे त्यावर मालकाचे नाव, क्षेत्रफळ, गहाण आणि इतर बोजे दिसतात. बांधकाम पुरे होण्याआधी हप्त्याने पैसे द्यायचे असतील, तर बिल्डरने त्या रकमेवर बँकेची किंवा विमा कंपनीची हमी देणे स्पेनमध्ये १९६८च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. ही हमी महाराष्ट्रातील रेराच्या तरतुदीहून पुढची आहे, कारण रेराखाली ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, तर तेथे घर मिळाले नाही तर दिलेली सर्व रक्कम व्याजासह परत मिळण्याची सोय आहे. हमीपत्राशिवाय ग्राहकांचे पैसे खात्यात जमा करून घेणाऱ्या बँकेलाही त्या जुन्या कायद्याखाली जबाबदार धरता येते, असा निवाडा स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये दिला, आणि त्यामुळे अनेकांचे बुडालेले पैसे परत येऊ शकले. मात्र २०१६पासून लागू झालेल्या नियमांत ही हमी बांधकाम परवाना मिळाल्यापासून सुरू होते, ही बाब अनेकांच्या नजरेतून निसटते. म्हणून परवाना हाती येण्याआधी नाममात्र इसारापलीकडे काहीही देऊ नये, आणि प्रत्येक हप्त्याचे हमीपत्र आपल्या नावाने घेतल्याशिवाय पुढचा हप्ता पाठवू नये. ताबा घेताना नगरपालिकेचा प्रथम वापराचा परवाना, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र, आणि इमारतीच्या मूळ ढाच्यातील दोषांसाठी दहा वर्षांचा विमा झाल्याचा दाखला, हे दोन्ही मागावेत.

विक्री करताना दिलेल्या सोयींच्या आश्वासनांपैकी करारात लिहिलेल्या तेवढ्याच खऱ्या मानाव्यात. याच प्रांतातील कोर्वेरा येथील विमानतळाचे बांधकाम २०१२मध्ये पूर्ण झाले, पण प्रवासी वाहतूक सुरू झाली ती जानेवारी २०१९मध्ये. मधल्या वर्षांत त्याच्या जवळिकीच्या नावाखाली घेतलेली घरे होती तेथेच होती.

वसाहतीतील रस्ते, बागा, दिवे आणि पहारा यांचा खर्च घरमालकांची सामाईक संस्था वाटून घेते, आणि प्रत्येकाचा वाटा खरेदीखतातच टक्केवारीने ठरलेला असतो. नव्या वसाहतीत न विकलेल्या घरांचा वाटा बिल्डरने भरायचा असतो. तो थकला की पहारा आणि बागा यांच्यावरच आधी कात्री लागते. जुने घर विकत घेणाऱ्याला तर चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची थकबाकी घरासोबत चिकटते, म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला आणि संस्थेच्या अलीकडच्या सभांची इतिवृत्ते वाचून घ्यावीत. घर पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च भागवण्याचा विचार असेल, तर ३ एप्रिल २०२५पासून अशा नव्या व्यवसायास संस्थेच्या तीन पंचमांश बहुमताची संमती लागते. त्याच तारखेपासून ५ लाख युरोंच्या मालमत्तेवर मिळणारा निवासपरवानाही बंद झाला. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला घर स्वतःचे असूनही पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. कार्ताहेना हे नाविक तळाचे शहर असल्याने त्याच्या परिसरातील काही टापूंत युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला बिगरशहरी जमिनीसाठी लष्करी परवानगी लागते, आणि तिला काही महिने जाऊ शकतात. नकाशावर भूखंड शहरी म्हणून वर्गीकृत आहे ना, एवढे वकिलाकडून निश्चित करून घ्यावे.

खर्चाच्या बाजूने पाहता नव्या घरावर १० टक्के मूल्यवर्धित कर आणि सुमारे दीड टक्का मुद्रांक शुल्क लागते, आणि नोटरी, नोंदणी व वकील धरून किमतीच्या वर साधारण १३ ते १४ टक्के रक्कम हाताशी ठेवावी लागते. घर वर्षभर बंद ठेवले तरी अनिवासी मालकाला त्याच्या सरकारी मूल्यावर मानीव उत्पन्न धरून कर भरावा लागतो. भारतातून पैसे पाठवताना उदारीकृत प्रेषण योजनेखाली दर आर्थिक वर्षात प्रत्येक व्यक्तीला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांपुढील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकून राहतात. पती आणि पत्नी दोघेही खरेदीखतात असतील तर मर्यादा दुहेरी होते, आणि बिल्डरचे हप्ते मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून मागता येतात. करारावर सही करण्यापूर्वीच ही वेळापत्रके जुळवून घ्यावीत. घर नावावर झाल्यावर भारतातील विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दरवर्षी दाखवावे लागते, भाडे येवो वा न येवो. ही नोंद राहून गेल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.