रक्त थांबते तेव्हा मेंदूतली पेशी काय करते
(स्वागताध्यक्षीय भाषण)

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला विश्रांतीत लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू खातो. साठवणीच्या नावाने मात्र शुकशुकाट. स्नायूंकडे ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन असते, यकृतात ग्लायकोजेनचा साठा असतो. मेंदूतले थोडेफार ग्लायकोजेन ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींत असते आणि ते काही मिनिटांपलीकडे पुरत नाही. त्यामुळे हृदय बंद पडले की साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तोवर एकही पेशी मेलेली नसते.

पेशी गप्प होणे आणि पेशी मरणे यांच्या मधल्या या अवधीवर पक्षाघाताचा आजचा सगळा तातडीचा उपचार उभा आहे आणि ही परिषदही त्याच अवधीविषयी आहे. मेंदूविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, तातडीच्या विभागातले डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि प्रयोगशाळेत पेशींवर काम करणारे संशोधक असे एका मांडवाखाली क्वचितच येतात. स्वागत समितीच्या वतीने या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने यजमान शहराचा इतिहास आणि तिथले खाण्याचे पदार्थ वर्णावेत अशी रीत आहे. ते काम स्मरणिकेने चोख केले असल्याने हा वेळ विषयाला दिलेला बरा.

पहिला भेद करायचा तो ऑक्सिजन कमी होणे आणि रक्तच थांबणे यांत. २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका पथकाने एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटर उंचीवर स्वतःच्या धमनीतले रक्त काढून तपासले. समुद्रसपाटीला धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या जवळपास असतो. तिथे तो सरासरी २५ च्या आसपास भरला. रुग्णालयात असा आकडा दिसला तर रुग्ण अत्यवस्थ मानतात, आणि हे लोक शुद्धीवर होते, चालत होते, सुया टोचून घेत होते. सराव झालेल्या शरीरात हिमोग्लोबिन वाढलेले होते आणि मेंदूकडे रक्त वाहत होते. ग्लुकोज पोचत होते, तयार झालेले आम्ल वाहून जात होते. पक्षाघातात गुठळी धमनी बंद करते तेव्हा ऑक्सिजन, ग्लुकोज आणि निचरा ही तिन्ही एकदम जातात. ‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडला’ हे वाक्य पक्षाघाताला लावले जाते तेव्हा ते अपुरे असते.

निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅम ऊतीतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त जाते. हा प्रवाह २० च्या आसपास उतरला की न्यूरॉन संदेश देणे थांबवतात. हात उचलत नाही, जीभ वळत नाही, गावाकडच्या भाषेत अंगावरून वारे जाते. प्रवाह १० च्या खाली गेला की पेशीचे आवरणच दगा देते; हा भाग म्हणजे इजेचा गाभा. येन्स ॲस्ट्रुप, लिंडसे सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बबून माकडांवरच्या प्रयोगांत या दोन पायऱ्या वेगवेगळ्या मोजल्या आणि दोहोंच्या मधल्या भागाला ग्रहणातल्या उपच्छायेवरून पेनम्ब्रा हे नाव मिळाले. या भागात दुकानाचे शटर खाली आलेले असते, पण आतला माल शाबूत असतो. आजार पाहणाऱ्याला दोन्ही भाग सारखेच लुळे दिसतात. कोणता मेला आणि कोणता वाट पाहतो आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून तर स्कॅन.

मधल्या भागापेक्षा गाभ्यात घटना फार वेगाने घडतात, आणि इथे थोडे थांबायला हवे. न्यूरॉनच्या ऊर्जेपैकी अर्ध्याहून अधिक ऊर्जा सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ठेवणाऱ्या पंपांवर खर्च होते. ऊर्जेचे चलन असलेले एटीपी काही मिनिटांत संपते, पंप थांबतात, सोडियम आत घुसते आणि त्याच्यामागून पाणी येते. पेशी फुगतात. पेशींमधल्या फटी अरुंद झाल्याने पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, आणि एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात हाच बदल पांढरा डाग म्हणून उमटतो, साध्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसण्याच्या कितीतरी आधी. त्याच वेळी पेशीच्या टोकांतून ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन बाहेर सांडते. एरवी ॲस्ट्रोसाइट ते लगेच शोषून घेतात. पण शोषणालाही ऊर्जाच लागते, आणि ती नसली की वाहक उलटे चालून आतले ग्लुटामेटही बाहेर टाकतात. शेजारच्या न्यूरॉनवरची एनएमडीए ग्राहके उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. निरोगी पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी कॅल्शियम असते, इतक्या काटेकोरपणे पेशी ते बाहेर ठेवते. कारण कॅल्शियम हा तिच्या आतला हुकूम आहे. तो बेसुमार सुटला की प्रथिने तोडणारी आणि आवरणातली मेदद्रव्ये फोडणारी विकरे कामाला लागतात, मायटोकाँड्रिया कोसळतात, मुक्त मूलके तयार होतात. ग्लुटामेट पेशींना मारू शकते हे जॉन ओल्नी यांनी १९६९ साली उंदरांच्या पिलांवर दाखवले, तेव्हा त्याचा पक्षाघाताशी संबंध कुणी जोडला नव्हता. तो जोडायला १९८० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे पेशी उपाशी राहून मरते हे अर्धेच खरे. बराचसा घात तिच्या स्वतःच्या यंत्रणा करतात.

ही पडझड गाभ्यात थांबत नाही. ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआओ यांनी १९४४ साली सशाच्या मेंदूवर विद्युत शांततेची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकताना नोंदवली होती. पक्षाघातानंतर अशाच लाटा गाभ्याच्या कडेवरून पेनम्ब्रात जातात. दर लाटेनंतर पंप पुन्हा चालू करायला पेशीला ऊर्जा लागते, आणि तिथे रक्त आधीच तुटपुंजे असते. गाभा वाढत जातो.

जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला की मोठी धमनी बंद झाल्यावर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन जातात. हा आकडा भिंतीवरच्या फलकांत चांगला शोभतो, पण तो सरासरीचा आहे. शेजारच्या धमन्यांकडून पूरक रक्त मिळते त्या मेंदूत पेनम्ब्रा कित्येक तास टिकते. ते नसेल तर तासाभरातही फारसे काही उरत नाही.

सगळ्या पेशी सारख्या नाजूक नसतात. थोडा वेळ संपूर्ण रक्तपुरवठा थांबून परत सुरू झाला, तर सगळ्यांत आधी हिप्पोकॅम्पसच्या सीए १ पट्ट्यातले न्यूरॉन जातात, लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशीही फार मागे नसतात. हृदय पुन्हा सुरू होऊन वाचलेल्या काही रुग्णांना नवे काही लक्षात ठेवता येत नाही, ते यामुळे. ताकाआकी किरिनो यांनी १९८२ साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मानेतल्या दोन्ही धमन्या पाच मिनिटे बंद करून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सीए १ च्या पेशी जवळपास ठीक दिसत होत्या. चौथ्या दिवशी त्यातल्या बहुतेक मेलेल्या होत्या. मृत्यूचा निर्णय आणि मृत्यू यांत दिवसांचे अंतर पडू शकते, हे तेव्हा कळले.

पेशी प्रतिकारही करते. ऑक्सिजन भरपूर असताना एचआयएफ हे प्रथिन सतत तयार होते आणि सतत मोडले जाते, कारण त्याला मोडण्याच्या क्रियेत ऑक्सिजन खर्ची पडतो. ऑक्सिजन घटला की ते साचते आणि नव्या रक्तवाहिन्या, लाल पेशी व ऑक्सिजनविना ग्लुकोज वापरण्याशी संबंधित जनुके जागी करते. या शोधासाठी ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पक्षाघातात मात्र या कार्यक्रमाला तास आणि दिवस लागतात, आणि गाभ्याकडे मिनिटे असतात. तो उपयोगी पडतो तो कडेला, आणि सावकाश येणाऱ्या टंचाईत.

ग्लुटामेट, कॅल्शियम, मुक्त मूलके या साखळीची एकेक कडी तोडणारी औषधे शोधण्यात दोन दशके गेली. २००६ सालच्या एका मोजदादीत प्रयोगशाळेत वा रुग्णांवर तपासलेले हजाराहून अधिक उपाय निघाले. प्राण्यांत गाजलेले एनएक्सवाय-०५९ हे औषध पहिल्या मोठ्या चाचणीत आशादायक वाटले आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत निष्फळ ठरले. तरुण, निरोगी उंदराला झटका आल्यावर काही मिनिटांत दिलेले औषध आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्या वृद्धाला चार तासांनी दिलेले औषध यांची तुलना मुळातच भाबडी होती. शिवाय सगळे लक्ष न्यूरॉनवर होते; ॲस्ट्रोसाइट, मायक्रोग्लिया, केशवाहिन्यांना वेढणाऱ्या पेरिसाइट हे सगळे दुय्यम मानले गेले. रक्त थांबले की पेरिसाइट आकसतात आणि तशाच ताठ मरतात, असे २०१४ साली डेव्हिड ॲटवेल यांच्या गटाने दाखवले. गुठळी निघाल्यावरही सूक्ष्म वाहिन्यांत रक्त का शिरत नाही, याचे एक उत्तर त्यात आहे.

यश आले ते रक्त परत आणण्याच्या साध्या विचाराला. १९९५ साली गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत उपयोगी ठरले, २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ साली धमनीत नळी घालून गुठळी ओढून काढण्याच्या पाच चाचण्या यशस्वी झाल्या, आणि २०१८ साली स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत ही मर्यादा २४ तासांपर्यंत ताणता येते हे सिद्ध झाले. घड्याळाऐवजी ऊतीकडे पाहण्याचा हा बदल पेनम्ब्राच्या कल्पनेनंतर चार दशकांनी आला. परत आलेले रक्तही निरुपद्रवी नसते: ऑक्सिजनबरोबर मुक्त मूलकांची नवी लाट येते आणि गळक्या झालेल्या वाहिन्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. सूज बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत शिगेला पोचते.

पक्षाघातापलीकडचे एक उदाहरण: श्वास कोंडलेल्या नवजात बाळांना ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत प्राण आणि बुद्धी दोन्ही वाचवतो. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या हेलिक्स चाचणीत २०२१ साली उलट निष्कर्ष निघाला: मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, मृत्यू वाढले. इथल्या बाळांच्या मेंदूला इजा कधी आणि कशी होते याची जात वेगळी असावी, असा तर्क आहे. परदेशातला उपचार जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी ही चाचणी दोनदा वाचावी.

मेलेले न्यूरॉन परत येत नाहीत. जिवंत शेजारी नवे जोड तयार करतात आणि पहिले काही आठवडे ही क्षमता जास्त असते. मात्र घाईलाही मर्यादा आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवण्याचा प्रयोग एव्हर्ट चाचणीत २०१५ साली उलटला. कमी वेळा उठवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी अधिक चांगली होती. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अटेंड चाचणीत घरच्यांना व्यायाम शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतले गेले. सहा महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीपेक्षा फायदा दिसला नाही. थेरपिस्टची वानवा आहे म्हणून तो भार कुटुंबावर टाकता येईल, हा हिशेब त्यामुळे तूर्त सुटलेला नाही. परिषदेच्या दुसऱ्या दिवसाचे पहिले सत्र याच प्रश्नासाठी ठेवलेले आहे.