बुळकांडीचा धडा

मनुष्यजातीनें आजवर दोनच रोग पृथ्वीवरून समूळ नाहींसे केले आहेत. पहिला देवीचा. तो नष्ट झाल्याची घोषणा १९८० सालीं झाली व ती बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक आहे. दुसरा रोग माणसांचा नव्हे, गुरांचा. त्याचें नांव बुळकांडी. २०११ च्या मे व जून महिन्यांत जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांनीं तो रोग जगांतून गेल्याचें जाहीर केलें. शहरांत ही वार्ता फारशी कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. वास्तविक ज्या घरांत रोज सकाळीं दूध तापविलें जातें त्या प्रत्येक घराचा या विजयाशीं संबंध आहे. आणि गुरांचे जे रोग अद्याप जिंकावयाचे आहेत त्यांच्याशीं तर त्याहूनही अधिक आहे.

बुळकांडी हा विषाणूपासून होणारा रोग. गुराला प्रथम कडक ताप येई. डोळ्यांतून व नाकांतून पाणी वाहूं लागे. तोंडांत व्रण पडत. मग दुर्गंधियुक्त हगवण लागे आणि आठ-दहा दिवसांत धडधाकट जनावर आडवें होई. जेथें हा रोग पूर्वीं कधीं आलेला नसे तेथें शेंकडा ८० ते ९० गुरें दगावत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो आफ्रिकेच्या ईशान्य टोंकाला शिरला आणि दहा वर्षांच्या आंत त्या खंडाच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत जाऊन पोंचला. इथिओपियांत १८८८ ते १८९२ या काळांत जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या कारणांत नांगराचे बैल नाहींसे झाले हें एक मोठें कारण होतें. गुरें मेलीं कीं त्यांच्यामागून माणसेंही मरतात, हें तेथें साऱ्या जगानें पाहिलें.

युरोपांत या रोगाशीं झालेला सामना बोधप्रद आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटलींत सांथ आली, तेव्हां पोपचे वैद्य लान्चीसी यांनीं औषधें शोधण्यांत वेळ घालविला नाहीं. रोगी गुरें मारून खोल पुरावीं, गुरांची ने-आण थांबवावी आणि हे नियम मोडणाऱ्यास कडक शिक्षा व्हावी, असें त्यांनीं सांगितलें. विषाणू म्हणजे काय हें त्या वेळीं कोणासही ठाऊक नव्हतें. तरीही उपाय लागू पडला. कारण रोग एका गुराकडून दुसऱ्याकडे जातो एवढें ओळखून ती वाट त्यांनीं बंद केली. या सांथींच्या धसक्यामुळेंच पुढें १७६२ सालीं फ्रान्समधील लियों शहरांत जगांतलें पहिलें पशुवैद्यकीय विद्यालय निघालें.

हिंदुस्थानांत या रोगाची चौकशी करणाऱ्या मंडळाचा अहवाल १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. १८८९ सालीं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें जंतुशास्त्राची एक प्रयोगशाळा स्थापन झाली. जहाल संसर्गाचे प्रयोग दाट वस्तीजवळ करणें धोक्याचें असल्यामुळें १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. १८९७ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं तिला भेट दिली. याच ठिकाणीं १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमधून वारंवार नेऊन सौम्य केला व त्याची लस उपयोगांत आणली. पुढें १९६० च्या सुमारास केनियांत वॉल्टर प्लाउराइट यांनीं त्याहून निर्धोक लस सिद्ध केली. ती एकदां टोंचली कीं गुराला दीर्घकाळ संरक्षण मिळे.

म्हणजे शस्त्र हातांत फार आधीं आलें होतें. मग विजयाला इतका विलंब कां लागला? भारतांत १९५४ सालीं देशव्यापी मोहीम सुरू झाली. सांथी झपाट्यानें कमी झाल्या. परंतु त्या पूर्णपणें थांबेनात. बहुसंख्य गुरांना लस मिळाली, तरी आडवळणाचीं गांवें, हिंडणारे कळप आणि बाजारांतून बाजारांत फिरणारीं जनावरें मागें राहत. तेथें रोग दबा धरून बसे व संधि मिळतांच पुन्हा पसरे. १९९० नंतर लसीबरोबर शोधाला महत्त्व आलें. संशयित आजाराची वर्दी घ्यावयाची, प्रयोगशाळेंत खात्री करावयाची, आणि जेथें रोग असेल तेथें सर्व बाजूंनीं त्याला घेरावयाचें, असा क्रम ठरला. १९९५ सालीं भारतांत शेवटची सांथ झाली. जगांतील शेवटची सांथ २००१ सालीं केनियांत आढळली.

हा धडा आज लाळ्या-खुरकताच्या बाबतींत कामास येणारा आहे. या रोगांत जनावराच्या तोंडांत व खुरांच्या बेचक्यांत फोड येतात. मोठीं जनावरें सहसा मरत नाहींत. पण दूध आटतें, बैल कामांतून जातो आणि कोंवळीं वासरें दगावतात. बुळकांडीहून हा शत्रु अधिक चिवट आहे. बुळकांडीच्या विषाणूचा लसीच्या दृष्टीनें एकच प्रकार होता व बरें झालेलें गुरूं रोग बाळगीत नसे. लाळ्या-खुरकताचे प्रकार अनेक. लसीचा प्रभाव थोड्या महिन्यांचा. आणि बऱ्या झालेल्या गुराच्या घशांत विषाणू पुष्कळ दिवस टिकून राहूं शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनीं लस टोंचावी लागते. २०१९ सालीं भारत सरकारनें हा रोग व सांसर्गिक गर्भपात या दोहोंविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. गुरांच्या कानांत बारा आंकडी क्रमांकाचा बिल्ला मारून लसीची नोंद ठेवण्यांत येऊं लागली.

परंतु बिल्ला व लस यांनीं सर्व काम होत नाहीं. खरा पेंच शेतकऱ्याच्या दावणीशीं उभा राहतो. बैल लाळ गाळूं लागला आणि आठवड्याचा बाजार दोन दिवसांवर आहे. वर्दी दिली तर बैल घरीं अडकतो, दुधाचें गिऱ्हाईक तुटतें, शेजारी दूषण देतात. गप्प राहून तो विकला तर चार पैसे पदरांत पडतात, आणि रोग चार गांवांत जातो. २००९ च्या कायद्यानें अशी वर्दी देणें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. तथापि, प्रामाणिक मनुष्याचेंच नुकसान होत असेल तर केवळ कायद्याच्या धाकानें वर्दी येत नाहीं. २०२२ सालीं लम्पी चर्मरोगाची मोठी सांथ आली तेव्हां महाराष्ट्रांत गुरांचे बाजार बंद ठेवण्यांत आले, लस टोंचण्यांत आली आणि मेलेल्या जनावरांबद्दल मालकांना अर्थसाह्यही देण्यांत आलें. हे तिन्ही उपाय एकमेकांचे सोबती आहेत. भरपाई ही दया नव्हे. साऱ्या गांवाच्या रक्षणासाठीं एकानें सोसलेल्या तोट्याची ती परतफेड आहे.

गोठ्यांत पाळावयाचे नियम साधे आहेत. आजारी जनावर वेगळें बांधावें व त्याचें चारा-पाणी निराळें ठेवावें. निरोगी गुरांचें काम आधीं उरकून मग आजाऱ्याकडे जावें. विकत आणलेलें गुरूं तीन आठवडे कळपांत मिसळूं देऊं नये. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वींच टोंचून घ्यावी; कारण घटसर्पानें गळा सुजलेलें जनावर कित्येकदां एका दिवसांतच दगावतें. जें गुरूं अकस्मात् मेलें व ज्याच्या नाकातोंडांतून रक्त आलें, त्याला फाशी झाल्याचा संशय धरून तें मुळींच फाडूं नये. या रोगाचे बीजाणू मातींत अनेक वर्षें जिवंत राहतात.

शहरांतील कुटुंबांनाही कर्तव्य आहे. सांसर्गिक गर्भपाताचे जंतु कच्च्या दुधांतून माणसाच्या शरीरांत शिरतात व चढ-उताराचा दीर्घ ताप आणतात. म्हणून धारोष्ण दुधाचें कौतुक सोडून दूध चांगलें उकळून घ्यावें. आणि गुरांच्या दवाखान्यांवर, लसींवर व भरपाईवर सार्वजनिक पैसा खर्च होतो तेव्हां तो परक्याच्या कामीं गेला असें समजूं नये. बुळकांडी ज्या दिवशीं गेली त्या दिवशीं ती एकट्या शेतकऱ्याच्या गोठ्यांतून गेली नाहीं. सर्वांच्याच घरांवरचें एक संकट टळलें. शेवटच्या आडगांवांतील शेवटच्या गुरापर्यंत लस पोंचली आणि तेथल्या मालकाला खरें सांगण्याची भीति उरली नाहीं, तर उरलेल्या रोगांचा जोरही असाच मोडतां येईल.