नादार मालक आणि भाड्याचा कारभारी

घरमालक परगावी राहतो आणि भाडेवसुली, पावत्या, डागडुजी हे सारे त्याचा कारभारी पाहतो, ही व्यवस्था आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील लोकांना नवी नाही. असा मालक कर्जात बुडून नादार ठरला, तर कारभाऱ्याने काय करावे? ज्याचे मीठ खाल्ले त्याची बाजू राखावी, असे पुष्कळांना वाटेल. कायदा मात्र निराळे सांगतो.

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालक नादार ठरला की कारभाऱ्याचा अधिकार संपतो. व्यक्तीच्या नादारीचे काम सामान्यतः १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात चालते. (मालक कंपनी असल्यास २०१६ ची संहिता लागू होते व प्रकरण अहमदाबादच्या कंपनी न्यायाधिकरणापुढे जाते.) नादारीचा हुकूम होताच मिळकत न्यायालयाच्या अथवा रिसीव्हरच्या स्वाधीन होते आणि हुकुमाचा अंमल अर्ज दाखल झाल्या दिवसापासून धरला जातो. म्हणून अर्जाची वार्ता कळल्यावरही वसूल भाडे मालकाच्या हाती देणे धोक्याचे आहे.

हुकूम झाला की कारभाऱ्याने आपल्या अधिकारात वसुली थांबवावी. भाडे, अनामत व खर्च यांचा पैन् पै हिशेब कागदपत्रांसह रिसीव्हरकडे द्यावा. स्वतःचा रास्त मेहनताना त्यात उघड दाखवावा. भाडेकरूंना सांगावे की, मालकाच्या नादारीने भाडेपट्टा आपोआप मोडत नाही. भाडे मात्र यापुढे रिसीव्हरला द्यावयाचे.

खरी कसोटी अनामतीपाशी लागते. एखादी गरीब विधवा म्हणते, "भाऊ, माझे तेवढे परत करा." हाती रोकड असते आणि मनात दया. परंतु ती रोकड आता सर्व धनकोंची असते. त्यांत घराची डागडुजी करून मजुरीची वाट पाहणारा गवंडीही असतो. त्या बाईला गुपचूप पैसे देण्यापेक्षा तिचा दावा वेळेवर नोंदवून देणे, हेच खरे साहाय्य.

लूकच्या शुभवर्तमानातील कारभाऱ्याने नोकरी जाताना शंभर मापे तेलाचे ऋण पन्नास लिहविले आणि धन्याने त्याचे चातुर्य वाखाणले. आजचे न्यायालय ते वाखाणणार नाही. अधिकार संपला तरी विश्वस्तपणा संपत नाही. शेवटचा हिशेब चोख दिल्यावरच कारभारी मोकळा होतो.