लाखेचा रंग आणि कुंचल्याचा रंग

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या वाटेवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. तेथे संगणकापुढे बसून दिवस घालविणाऱ्यांत मराठी माणसेही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मेजावर लाल-पिवळ्या रंगाचे तकतकीत लाकडी खेळणे हटकून दिसते. हे खेळणे आलेले असते चन्नपट्टणहून. बंगळूरपासून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर गेले की हे गाव लागते. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणवून ही कला तेथे रुजविली, असे परंपरेने सांगतात.

या खेळण्याचे वैशिष्ट्य असे की, त्याला कुंचला लागलेलाच नसतो. कातारी काळ्या कुड्याचे हलके, पांढरट लाकूड सुकवून लेथवर चढवितो आणि पटाशीने त्याला घाट देतो. मग फिरत्या लाकडावर तो रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. शेवटी केवड्याच्या जातीच्या पानाने घासले की तिला झळाळी चढते. फिरत्या लाकडावरील खाचेत तार ताणून धरली, तर तेथील लाकूड जळून काळी रेघ उमटते. जगभरचे कातारी ही युक्ती जाणतात. रंग काय किंवा रेघ काय, दोन्ही उष्णतेचीच लेणी. मात्र यंत्राच्या फिरण्यातून आलेले हे अलंकरण वर्तुळाकारच राहते. त्याला डोळा, पान किंवा फूल काढता येत नाही.

तेथे कुंचल्याचे राज्य सुरू होते आणि आपल्याला सावंतवाडी आठवते. तेथील चितार आळीत लाकडाचे आंबे, केळी, वांगी आणि भातुकली घडते. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाला आकार द्यावयाचा आणि मग चितारी त्यावर सालीची छटा, देठ, क्वचित एखादा डागही रंगवितो. याच गावातील गंजिफा लोपण्याच्या बेतात असता शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांच्या हातांतील विद्या पुढील पिढीकडे पोहोचविली.

यांत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ आहे. एका ठिकाणी रंग लाकडाच्या अंगाचा होतो, दुसऱ्या ठिकाणी तो लाकडाला बोलके करतो. प्रश्न आहे तो प्रामाणिकपणाचा. खेळणे लहान मुलाच्या तोंडात जाते. म्हणून लाख असो वा तेलरंग, त्यात मिसळलेले रंगद्रव्य निर्विष असले पाहिजे. स्वस्त प्लास्टिकशी किमतीत झुंजताना कारागिराला मोह पडतो तो नेमका येथेच.

दुसरे संकट रस्त्याचे. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन मार्च २०२३ मध्ये झाले आणि वाहने चन्नपट्टणला वळसा घालून जाऊ लागली. जुन्या रस्त्याकडेच्या दुकानदारांचे वाटेवरचे गिऱ्हाईक त्यामुळे तुटले. भौगोलिक मानांकनाने नावाचे रक्षण होते. पोट मात्र गिऱ्हाइकानेच भरते.

म्हणून खेळणे घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रंग कशाचा आहे, आणि हे कोणी घडविले? विक्रेत्याला उत्तर देता आले, तर घासाघीस करू नये. त्या चार-दोन रुपयांवरच कातारी आपल्या मुलाला लेथपाशी बसवील की नाही, हे ठरत असते.